दुखणे लघवीचे, भीती पुरुषत्वाची

लोंढा ओलांडून बेळगाव-मिरजेच्या बाजूने रेल्वेने प्रवास केलेल्या कोणालाही रुळांलगतच्या त्या भिंती आठवत असतील. पांढऱ्या चुन्यावर निळ्या-लाल रंगात मोठाली अक्षरे : ‘गुप्तरोग’, ‘धातू जाणे’, ‘लघवीत जळजळ’, ‘नामर्दपणा’, ‘निराश होऊ नका’. खाली कुठल्या तरी लॉजचे नाव आणि महिन्यातले दोन-तीन वार. बायकामुले बरोबर असली की माणसे खिडकीबाहेरची नजर आत घेत. पण अक्षरे वाचायची काही राहत नसत.

मला त्या भिंतींचे कुतूहल वेगळ्याच कारणाने वाटत आले आहे. लघवी अडणे हे एक दुखणे आणि पुरुषत्व मंदावणे हे दुसरे. मग ही दोन एकाच भिंतीवर, एकाच वैदूच्या दारात कशी जाऊन बसली? पंचविशीतल्या मुलाला लघवीला जळजळ होऊ लागली, धार बारीक झाली, की त्याला आधी आठवते ते लग्न. ते होईल का, झाले तर निभेल का. ही गाठ कोणी आणि कधी मारली हे शोधू लागले की वाट जुन्या गोव्यातूनही जाते. म्हणून हा प्रपंच. विषय अवघड आहे खरा, पण याविषयी कुजबुजण्याखेरीज काहीच न झाल्यामुळे किती तरी तरुणांचे नुकसान झालेले आहे, तेव्हा सरळच लिहितो.

सुरुवात अर्थात आयुर्वेदापासून. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र हे सात धातू. एकातून पुढचा तयार होत जातो, आणि शेवटचा तो सर्वांचे सार. लोकांनी या कल्पनेला पुढे गणित जोडले : रक्ताच्या इतक्या थेंबांतून याचा एक थेंब बनतो वगैरे. मग तो एक थेंब गेला म्हणजे केवढे दिवाळे निघाले, याचा हिशेब कोवळ्या वयातला मुलगाही मांडू लागला. ‘धातू’ हा शब्द खरे तर साती धातूंना मिळून आहे. बोलीभाषेत तो शेवटच्या एकालाच चिकटला, यातच सारे आले.

ग्रंथकार मात्र लोकांपेक्षा पुष्कळ सावध होते. सुश्रुताने मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘मूत्रशुक्र’ नावाचा एक आहे. लघवीची भावना दाबून धरून समागम केला तर लघवीच्या आधी किंवा नंतर शुक्र बाहेर येते आणि लघवी राख कालवलेल्या पाण्यासारखी दिसते, असे त्याचे वर्णन. दोन दुखण्यांची गाठ आपल्या वैद्यकात मला पहिल्यांदा दिसते ती इथे. पण बारांतला तो एक प्रकार आहे, हे विसरता कामा नये. उरलेल्या प्रकारांत वायूने अडणे, गाठीमुळे अडणे अशी शुद्ध ‘नळदुरुस्ती’ची कारणे आहेत.

पुरुषत्वाच्या बाबतीतही तसेच. चरकाने क्लैब्याची चार कारणे दिली : बीजोपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय. सुश्रुताने सहा दिली, आणि त्यांत पहिले कोणते घातले? मानस. मन उडाले, नावडत्या स्त्रीशी संबंध आला, की शरीर साथ देत नाही, असे तो म्हणतो. चरकही शुक्र कमी होण्याच्या कारणांत म्हातारपण, आजार, उपास, अतिश्रम यांच्या रांगेत चिंतेला बसवतो. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ही समज होती. भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्यांनी ग्रंथांतून वाजीकरणाची औषधे उचलली, पण हा ‘मानस’ शब्द तेवढा सोईस्करपणे गाळला.

आणि ते राखेच्या रंगाचे पाणी? आज त्याचे उत्तर अगदी साधे आहे. लघवीत फॉस्फेटचे क्षार असतात. लघवी आम्ल नसली की ते विरघळून राहत नाहीत, पांढरट गढूळपणा येतो. भरपेट जेवणानंतर हे निरोगी माणसातही दिसते. शौचाला जोर केला तर प्रोस्टेट ग्रंथीचा चिकट थेंब येतो, तोही निरुपद्रवी. या दोन गोष्टी पाहून आजवर किती मुलांची झोप उडाली असेल, देव जाणे.

आता एका शब्दाची गंमत पाहा. आपल्याकडे गनोरियाला ‘परमा’ म्हणतात. हा शब्द ‘प्रमेह’ यावरून आला. प्रमेह म्हणजे लघवी जास्त आणि गढूळ होण्याचे विकार; ग्रंथांत त्याचे वीस प्रकार आहेत आणि मधुमेह त्यांतलाच एक. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात ही खूण आपल्या वैद्यांना ठाऊक होती. म्हणजे एकाच शब्दाची दोन पोरे : एक मधुमेह, दुसरा परमा. पहिला खाण्यापिण्यातून आणि वंशातून येणारा, दुसरा बाहेरख्यालीपणाचा शिक्का घेऊन फिरणारा. लघवीची तक्रार म्हटली की शेजाऱ्याच्या मनात दुसरा शब्द आधी येतो, आणि पहिला तपासायचा राहून जातो. या मुद्द्याकडे पुढे येतोच.

आता जुन्या गोव्यात जाऊ. यान हुयगेन व्हान लिन्शोतेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात होता, आर्चबिशपचा चिटणीस म्हणून. त्याचे प्रवासवर्णन १५९६ साली प्रसिद्ध झाले. गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या आजारांवर त्याने जे लिहिले आहे ते वाचून आजही भुवया उंचावतात. मुतखडा तिथे फार, विशेषतः लग्न झालेल्या पुरुषांत, असे तो सांगतो. आणि कारण देतो ते भरपूर पाणी पिण्याचे आणि ऐषआरामाचे. अंगात नुसता सदरा, पोट उघडे, सावलीत वारा खात बसायचे आणि गुलामांकडून पाय चोळून घ्यायचे, असे चित्र त्याने रंगवले आहे. (भरपूर पाणी प्यायल्याने मुतखडा होत नाही, उलट टळतो. डच साहेबाचे निदान चुकले, पण ऐषआरामाचे चित्र काही खोटे वाटत नाही!)

याहून महत्त्वाची त्याची दुसरी नोंद. गरमी आणि तत्सम गुप्त दुखणी गोव्यात सर्रास आहेत आणि ती कोणी लपवीत नाही. इतर आजारांपेक्षा त्यांची लाज जास्त वाटत नाही, तीन-चारदा झालेले लोकही आहेत आणि ते वर फुशारकी मारतात, असे तो लिहितो. परक्याच्या लेखणीला अतिशयोक्तीची सवय असते हे धरून चालू. शिवाय हे वर्णन शिपाईगडी आणि सधन वसाहतवाल्यांचे आहे; आपल्या गावकरांच्या घरांत तेव्हा काय बोलले जाई याचा त्यावरून अंदाज करता येत नाही. तरीही सोळाव्या शतकातल्या गोव्यात एका मोठ्या वर्गाला या दुखण्याची लाज नव्हती, एवढे त्यातून निघते. लाज ही काही मूत्रपिंडाबरोबर जन्माला येत नाही.

लिन्शोतेनच्या आधी वीस वर्षे गार्सिया द ऑर्ता. या वैद्याची आपल्याला ओळख आहेच. पणजीच्या मध्यावर त्याच्या नावाची बाग आहे. त्याचे ‘कोलोकिओस’ हे संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी त्याची वैद्य म्हणून ये-जा होती, तेव्हा मराठी मुलखाचाही त्याला परिचय होता. १५६८ साली तो वारला आणि १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. तो मूळचा ज्यू, हा त्याचा अपराध.

ऑर्ताच्या पुस्तकात अफूवर एक संवाद आहे. लोक अफू कामशक्तीसाठी घेतात अशी त्या काळची सार्वत्रिक समजूत. ऑर्ता तिला छेद देतो. अफूने माणूस सुस्तावतो, क्रिया लांबते, म्हणून लोकांना ती गुणकारी वाटते. प्रत्यक्षात ती पुरुषत्व घालवते, असा त्याचा निष्कर्ष. जुन्या गोव्यातल्या वैद्याचे हे निरीक्षण आजच्या शास्त्राला मान्य आहे. अफूवर्गीय औषधांनी टेस्टोस्टेरोन हे पुरुषी संप्रेरक उतरते. आणखी एक गोष्ट आज माहीत आहे : अफूने मूत्राशयाचे आकुंचन मंदावते आणि लघवी तुंबते. म्हणजे मर्दानगीसाठी घेतलेल्या एकाच गोळीने दोन्ही दुखणी पदरात! धोत्र्याचेही तसेच. गोव्यातल्या बायका नवऱ्यांना धोत्रा चारून गुंगवतात, अशी चविष्ट हकीकत लिन्शोतेन देतो. ती खरी-खोटी कशीही असो, धोत्र्याने लघवी कोंडते हे मात्र खरेच आहे. भिंतीवरच्या पुड्यांत पुढच्या काळात काय काय घातले जाई ते कोण तपासणार होते? अलीकडे ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेले वेगवेगळ्या देशांच्या औषध-तपासणीत वारंवार सापडले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याचा रक्तदाब अशा पुडीने जिवावर बेतण्याइतका उतरू शकतो.

त्याच सोळाव्या शतकात आपल्या वैद्यकात एका नव्या रोगाची नोंद झाली. भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त ‘फिरंगरोग’ येतो. फिरंग्यांच्या संसर्गाने होणारा म्हणून हे नाव. तीच आपली गरमी. त्यावर जे औषध सांगितले ती चोपचिनी, चीनहून येणारे मूळ. हे मूळ गोव्यात १५३५ च्या सुमारास आले असे ऑर्ता सांगतो. रोग जहाजातून आला, उतारा दुसऱ्या जहाजातून आला, आणि दोघांनीही मराठीत आपापले नाव कायम केले. चोपचिनीचा पाक आमच्या आज्या पाठदुखीवर देत, तेव्हा त्याचा मूळ रोग कोणता हे त्यांच्या गावीही नसे.

लघवीच्या दृष्टीने पाहिले तर गरमीपेक्षा परमा वाईट. हा भाग थोडा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तरुण वयात लघवी अडण्याचे जुन्या काळातले एक प्रमुख कारण हेच होते. परम्याने मूत्रमार्गाला आतून सूज येते, पू येतो, उन्हाळी लागल्यासारखी आग होते. आठ-पंधरा दिवसांनी ओसरते. मुलगा म्हणतो, बरे झाले, सुटलो. पण आतल्या अस्तरावर व्रण राहतो आणि जखमेच्या जागी कातडी आक्रसते तसा तो व्रण वर्षानुवर्षे आक्रसत जातो. धार बारीक होते, फाटते, कुंथावे लागते, आणि एखाद्या रात्री दारू पिऊन झोपल्यावर लघवी साफ बंद होते. विशीतली चूक तिशी-चाळिशीत वसूल होते. या रोगाचा जंतू आल्बर्ट नायसर याने १८७९ साली दाखवला. त्यावर खरा इलाज, पेनिसिलिन, १९४० नंतरच्या दशकात हाती आला. मधल्या काळात डॉक्टरांच्या हाती होते ते पिचकारीने औषध सोडणे आणि सळई घालून मार्ग रुंद करणे. या सळईला ‘बूजी’ म्हणतात. अल्जीरियातल्या बेजाया बंदराला फ्रेंच लोक बूजी म्हणत. तिथून मेण येई, त्या मेणाची मेणबत्ती ती बूजी, आणि मूत्रमार्गात घालायची मेणाची काडीही बूजीच. महिन्या-दोन महिन्यांनी दवाखान्यात जाऊन सळई घालून घेणारा माणूस आपल्याला पुरुष समजेल काय? समजा शरीर ठणठणीत असले तरी मन कुठून उभे राहणार? परम्याने सहसा नपुंसकत्व येत नाही. पण तो झालेल्याला ते येईल अशी धास्ती मात्र हमखास येते, आणि धास्तीने ते येते.

लाजेचे बीज मात्र दुसरीकडचे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हस्तमैथुनाविरुद्ध एक निनावी पुस्तिका निघाली आणि तडाखेबंद खपली. मग १७६० साली लोझानच्या तिसो नावाच्या नामांकित डॉक्टरने त्याच विषयावर ग्रंथ लिहिला. वीर्य गेले की मेंदू, दृष्टी, पचन, लघवी सारे बिघडते असे त्याने वैद्यकाच्या भाषेत मांडले. युरोपभर तो प्रमाण मानला गेला. एकोणिसाव्या शतकात हा विचार शाळा, मिशनरी आणि आरोग्याच्या पुस्तकांमार्फत हिंदुस्थानात उतरला, तेव्हा इथे सात धातूंची आणि ब्रह्मचर्याची जमीन तयारच होती. दोन संस्कृतींत ज्या मोजक्या बाबतींत मनापासून एकमत झाले त्यांतली ही एक! आजोबांचे ब्रह्मचर्य आणि साहेबाचे हायजीन एकाच आवाजात बोलू लागल्यावर सोळा वर्षांच्या मुलाने ऐकायचे कोणाचे?

त्या मुलाचे ऐकून घेणारा माणूस मराठीत निघाला तो १९२७ साली. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागलेला माणूस. १९२१ सालीच त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत जवळजवळ एकहाती चालवले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र, आत ‘शारदेची पत्रे’ आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे. ही प्रश्नोत्तरे हा माझ्या मते त्या मासिकाचा गाभा. ज्याला घरी, शाळेत, देवळात विचारता येत नाही ते विचारायची मराठीतली ती हक्काची जागा होती. आणि उत्तर देणारा गणिती! उपदेश नाही, हळहळ नाही, कीर्तन नाही. हस्तमैथुनाने कोणताही रोग होत नाही, होते ती भीतीने, हे त्या काळात छापून सांगायला किती धैर्य लागत असेल याचा अंदाज आज येणे कठीण आहे. त्यांची सगळीच मते मला पटतात असे नाही, स्वभावही तिरकसच. पण या एका बाबतीत ते आपल्या काळाच्या पन्नास वर्षे पुढे होते.

याची किंमत त्यांनी कोर्टात मोजली. १९३१ साली पहिला खटला झाला, त्यात शंभर रुपये दंड. दुसरा खटला १९३४ सालचा, आणि तो नेमका आपल्या विषयाचा आहे. ‘समाजस्वास्थ्या’चा डिसेंबर १९३३ चा गुजराती अंक निघाला होता. त्यातल्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील आहेत असा आरोप. प्रश्न हस्तमैथुन, समसंभोग अशा विषयांचे होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर. गोलमेज परिषदा आटोपलेल्या, पुणे करार होऊन दीड वर्ष झालेले, येवल्याची घोषणा पुढच्याच वर्षी व्हायची होती. देशभर नाव झालेल्या या पुढाऱ्याने असला ‘बदनाम’ खटला घेतला, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते आणि आदरही. बचावाचा मुद्दा कमालीचा साधा होता. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळेच अश्लील ठरवता येणार नाही. लोक अडचण घेऊन विचारतात. मासिक याच विषयाला वाहिलेले आहे. उत्तर द्यायचे नाही तर करायचे काय? विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल. कोर्टाला हे पटले नाही. दोनशे रुपये दंड झाला.

खटला हरले, यापेक्षा मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याच सुमारास वर्तमानपत्रांतून शक्तिवर्धक गोळ्यांच्या आणि ‘धातुपुष्टी’च्या जाहिराती बिनदिक्कत छापून येत होत्या. भीती घालून पैसे काढणारे मजकूर राजरोस, आणि भीती घालवणारा मजकूर अश्लील! हीच विसंगती अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’ (२००१) या चित्रपटाने आणि नंतर अजित दळवींच्या ‘समाजस्वास्थ्य’ (२०१७) या नाटकाने पुन्हा लोकांसमोर आणली. आपल्या गोव्यात तर याहून मजा. १९३३ साली पोर्तुगालात सालाझारची नवी राज्यघटना आली आणि छापल्या जाणाऱ्या ओळीओळीवर सेन्सॉरची नजर बसली. असले मासिक इथून निघण्याची कल्पनाच नको.

जाहिरातींना चाप बसायला १९५४ साल उजाडावे लागले. ‘औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ त्या वर्षी झाला. कामशक्ती वाढवतो अशी जाहिरात करायला त्याने बंदी घातली. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करता येणार नाही त्यांची यादी जोडली. तीत नपुंसकत्व, गुप्तरोग, मूत्राशयातले खडे हे सारे आहेत. काही औषध-कंपन्या याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ‘हमदर्द दवाखाना’ या नावाने ओळखला जाणारा तो निकाल डिसेंबर १९५९ मधला. कायद्यातला काही भाग न्यायालयाने रद्द केला, पण असल्या जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही हे स्पष्ट केले. कायदा आला, निकाल आला. भिंती मात्र रंगतच राहिल्या.

१९६० साली डॉ. नरेन्द्रनाथ विग या मानसोपचारतज्ज्ञांनी या भीतीला वैद्यकात नाव दिले : धात सिंड्रोम. अशक्तपणा, थकवा, उदासी, अंगदुखी, कधी नपुंसकत्वाची वा शीघ्रपतनाची तक्रार, आणि या सगळ्याचे कारण ‘लघवीतून धातू जाते’ ही रुग्णाची पक्की खात्री. आपल्या भाषेतला शब्द जागतिक पुस्तकांत गेला. रुग्ण बहुधा तरुण, अविवाहित किंवा नुकताच लग्न झालेला. विगांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी दाखवले ते हे की, बाहेर काही जात नसले तरी माणूस खरोखर खंगलेला असतो. त्याला हसून घालवला की तो थेट लॉजवरच्या वैद्याकडे जातो.

पण इथेच मला एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. ‘सगळे मनाचे खेळ’ ही आजची सुशिक्षित समजूतही तितकीच घातक आहे. तरुणाची लघवी अडते तेव्हा कारण बहुधा सापडते. आजही परमा आणि क्लॅमिडिया आहेत. सायकलच्या दांड्यावर किंवा कुंपणावर पाय फाकून आपटल्याने मूत्रमार्गाला इजा होऊन काही महिन्यांनी तो आक्रसतो. इस्पितळात घातलेल्या नळीनेही होतो. प्रोस्टेटची जुनाट सूज, मूत्राशयाचे तोंड नीट न उघडणे, बद्धकोष्ठता, एवढेच काय, सर्दीच्या साध्या गोळ्या. काहींना दुसरा माणूस शेजारी उभा असला की लघवीच होत नाही, तीही खरीच अडचण. कंबरदुखी असलेल्याची लघवी अचानक अडली आणि बैठकीची जागा बधिर वाटू लागली, तर मणक्यातली चकती मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाबते आहे असे समजून त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे असते. उशीर झाला तर लघवी आणि पुरुषत्व दोन्ही कायमची जाऊ शकतात. दोन दुखण्यांची गाठ शरीराने स्वतः मारलेली आहे ती अशा ठिकाणी.

आणि मधुमेहात. हा आपल्या गोव्याचा खास विषय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले ते गोव्यात, २६.४ टक्के. साखरेने नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मूत्राशय भरल्याची जाणीव बोथट होते आणि ताठरताही जाते. कधी कधी तर तिशी-पस्तिशीतल्या माणसाला मधुमेहाची पहिली वर्दी मिळते ती शय्यागृहात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा त्या जागेच्या रक्तवाहिन्या अरुंद असतात, म्हणून तंबाखूने, रक्तदाबाने होणारी खराबी तिथे आधी कळते आणि छातीत काही वर्षांनी. १९९८ साली सिल्डेनाफिलची निळी गोळी आली, तेव्हापासून ही वर्दी ऐकायच्या आधीच ती दाबून टाकायची सोय झाली. फार्मसीत गोळी मागितली की काम भागते, रक्त कोण तपासतो? ‘प्रमेहा’चा तो पहिला पोर, ज्याच्याकडे शेजाऱ्याचे लक्ष जात नाही, तो असा आत राहून जातो.

बांबोळीच्या गोमेकॉत, १८४२ च्या जुन्या ‘एस्कोला मेदिका’च्या या वारसदारात, किंवा कुठल्याही बऱ्या इस्पितळात अशी तक्रार घेऊन गेलेल्या तरुणाला आधी विचारतात ते हे : सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का? असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा शाबूत आहेत, शोध सुश्रुताच्या ‘मानस’ रकान्यात घ्यायचा. मग रक्तातली साखर, रक्तदाब, लघवीची तपासणी. अडथळ्याचा संशय असेल तर धार मोजतात. नरसाळ्यासारख्या एका यंत्रात नुसती लघवी करायची असते, एकट्याने, दार लावून. कागदावर आलेख उमटतो. निरोगी धारेचा आलेख घंटेसारखा, वर चढून उतरणारा. मार्ग आक्रसलेला असेल तर तो बुटका, सपाट आणि लांबच लांब पसरलेला येतो.